उदाहरणातला टिल्लू

विभागात एक नियम होता. कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळे पाळायचे: उदाहरणात घरचं माणूस घ्यायचं नाही. भाषेचं तत्त्वज्ञान शिकायचं म्हणजे उदाहरणं लागतातच. दिवसाकाठी पाचपन्नास वाक्यं लिहायची, आणि हे खरं की खोटं, कोणाबद्दल, कशावरून, याचा कीस पाडत बसायचं. सर म्हणायचे, "शिंपी घ्या, पोस्टमन घ्या, हवं तर चंद्रावरचा न्हावी घ्या. घरचं नको."

"पण का हो सर?" प्रबंध लिहिणाऱ्या ताईने एकदा विचारलंच.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "कारण होतं काहीतरी," ते म्हणाले. "मोठं होतं. आता आठवत नाही बघ."

सर निवृत्तीला आलेले. ताईला हसू आलं, ते तिने कसंबसं दाबलं.

ती ताई झाली ती धाकट्या भावामुळे, आणि मग सगळीकडे तेच नाव चिकटलं. भावाला म्हणायचे टिल्लू. उंची सहा फूट दोन इंच, दारातून वाकून आत यायचा, आणि नाव काय, तर टिल्लू! दोन वर्षांपूर्वी त्याला साधा ताप आला आणि नवव्या दिवशी, हाताशी आलेला पोरगा, होत्याचा नव्हता झाला. वडील आधीच गेलेले. उरल्या मायलेकी.

ताईच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण रिकाम्या नावांवर होतं. ज्या नावाचं माणूसच जगात नाही, ते नाव घेऊन बोललेलं वाक्य कोणाबद्दल असतं? ताईचं उत्तर रोखठोक होतं: कोणाबद्दलच नसतं. आता इथे पोस्टमन चालला असता की! पण तिचा हात वळेना. प्रबंध ग्रंथालयात राहतो. पन्नास वर्षांनी कोणी उघडला तर तिथे टिल्लू भेटेल, एवढीच तिची आशा. माया वेडी असते हो. तिने लिहिलं, 'टिल्लू अकरा नंबरचे बूट घालतो.' आणि खाली लिहिलं, 'हे वाक्य कोणाबद्दलही नाही.' मग, 'टिल्लू भसाड्या आवाजात गातो.' मग, 'टिल्लूने खिडकीची काच फोडली.' अशी एकोणीस वाक्यं, आणि प्रत्येकाखाली तीच ओळ. लिहिताना ती पोटभर रडली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तिला हलकं वाटलं.

पुढच्या रविवारी सकाळी आई काळे बूट हातात घेऊन आली. हेच बूट ती दर रविवारी पुसून जागेवर ठेवायची, आणि त्या दिवशी तिच्याशी कोणी बोलायचं नाही.

"ताई, हे कोणाचे गं? केवढे मोठे! आधीच्या भाडेकरूचे राहिलेत की काय?"

"आई, अशी थट्टा नको करूस."

"मी कशाला थट्टा करू?" म्हणत आईने बूट दाराबाहेर ठेवले.

दुःखाने आईच्या डोक्यावर परिणाम झाला असेल, म्हणून ताई तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. तिथे आईने सतरा नातेवाइकांचे वाढदिवस घडाघडा म्हणून दाखवले. डॉक्टर हसून म्हणाले, "यांची स्मरणशक्ती तुमच्यापेक्षा चांगली आहे."

घरी येऊन ताईने मोबाइलमधलं टिल्लूचं गाणं लावलं. तीन मिनिटं पंख्याची घरघर ऐकू आली, आणि मध्ये मध्ये ताईचं स्वतःचं हसणं. गाणं नव्हतंच. तिने खिडकीकडे पाहिलं. टिल्लूने फोडल्यावर नवी बसवलेली काच आजवर बाकीच्यांपेक्षा जरा हिरवट दिसायची. आता चारही काचा सारख्या होत्या.

तिने प्रकरण काढलं आणि एकेका वाक्यापुढे खूण करत गेली. लिहिलं होतं त्याच क्रमाने एकेक गोष्ट जात होती. तिने संगणकावरून एकोणीसही वाक्यं काढून टाकली, छापलेले कागद फाडले. राहिली ती सरांकडची प्रत.

मग तिने आईला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. त्याचं जन्मणं, त्याचं बोबडं बोलणं, शाळेतून पळून येणं, तो ताप, शेवटचं घोटभर पाणी मागणं. आई गालावर हात ठेवून ऐकत होती. तिचे डोळेही भरून आले.

"गुणी होता गं," ती म्हणाली. "कोणाचा मुलगा?"

"तुझा, आई."

आईने काळजीने तिच्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सरांकडून प्रत परत आणायला निघाली. विभागाच्या जिन्यात ती सगळं घोकत होती. बूट अकरा नंबर. उंची सहा फूट दोन इंच. ताप नऊ दिवस.

पहिल्या मजल्यावर तिला बुटांचा रंग आठवेना.

दुसऱ्या मजल्यावर चेहरा.

तिने कठडा घट्ट धरला. मला ताई म्हणतात, ती स्वतःलाच म्हणाली. म्हणजे माझ्या पाठचं कोणीतरी असणारच. असणारच ना?

सरांचं दार उघडंच होतं.

"ये, ये. झकास झालंय प्रकरण. फक्त एक धास्ती वाटली." त्यांनी पानावर बोट ठेवलं. "हा टिल्लू कोण?"

ताईने तोंड उघडलं.

ते नाव तिने वाचलं. पुन्हा वाचलं.

"कोणी नाही, सर," ती म्हणाली. "असंच, मनाने घेतलं."

"शाबास. मग ठेव तसंच."

चार वाजता ती घरी आली. एवढी शाबासकी मिळूनही छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटत होतं. आई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून रडत होती. हुंदके देऊन, लहान मुलासारखी.

"काय झालं गं?"

"काय माहीत! दुपारपासून थांबतच नाहीये. मला वाटलं, आपलं कोणी गेलं असेल. मावशीला फोन केला, काकांना केला. सगळे खुशाल आहेत."

ताई तिच्याशेजारी बसली. तिचेही डोळे वाहायला लागले, आणि तिला ते आवरेनात.

"मग कोण गेलं असेल?" आईने विचारलं.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. घरातली सगळी माणसं घरातच होती.