समितीचं काचेचं दार

समितीत काय शिजतं ते लोकांना दिसत नाही, अशी ओरड फार झाली, तेव्हा अध्यक्षांनी चार नंबरच्या खोलीचं लाकडी दार काढून काचेचं बसवलं. चांगली बोटभर जाड काच. बाहेर बाकावर बसणाऱ्याला आतलं सगळं लख्ख दिसावं, ऐकू मात्र शिंकसुद्धा येऊ नये. "याहून पारदर्शक काय असतं?" असं अध्यक्षांनी विचारलं आणि उरलेल्या आठ सभासदांनी बाकं बडवली.

लघुलेखिकाबाईंनी तेही इमानेइतबारे टिपून घेतलं. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचीच वाक्यं टिपली होती. स्वतःचं एकही बोलायची सोय नव्हती, म्हणून त्या मनातल्या मनात फार बोलायच्या, आणि त्यातलं बरंचसं छापण्याजोगं नसे.

रीत अशी होती. साक्षीदार बोलू लागायचा. खऱ्या गोष्टीची गाठ सुटतेय असं वाटलं, की अध्यक्ष एक बोट वर करून म्हणायचे, "दार." लगेच पत्रकार बाहेर, बाईही बाहेर. वहीत नोंद व्हायची, 'अकरा वीस, दार बंद'. मग 'अकरा सत्तावीस, दार उघडले'. मधल्या सात मिनिटांत काही घडलंच नाही असं धरायचं. नोंदीत नाही ते जगात नाही, हा तिथला कायदा.

चौकशी होती धरणाची. एका पहाटे भोंगा न वाजवता दरवाजे उघडले गेले आणि खालच्या वस्तीतली एकोणीस माणसं अंथरुणातच वाहून गेली. सगळे म्हणत, दरवाजेवाल्याला डुलकी लागली. दरवाजेवाला म्हणत होता, वरून फोन आला, भोंगा वाजवू नकोस म्हणून. हे नोंदीत आलं तर तो सुटणार होता. नाही आलं तर तुरुंग ठरलेला. आणि तो बाईंचा सख्खा धाकटा भाऊ होता.

पहिल्या आठवड्यात धरणावरचा कारकून काचेआड साक्ष देऊन बाहेर आला आणि बाईंसमोर उभा राहिला. "माझा नंबर कधी येणार हो?"

पत्रकार खो खो हसले. बाई करवादल्या, "अहो, आत्ता काय भजन करून आलात?"

दुसऱ्या आठवड्यात इंजिनिअर बाहेर आले. अठरा वर्षं त्यांची गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरनं गाडीचं दार उघडून धरलं. इंजिनिअरांनी त्याच्याकडे अदबीनं पाहिलं, "आपण कोण?" म्हणाले आणि पायीच निघून गेले. ड्रायव्हर दार धरून तसाच उभा. या वेळी कुणी हसलं नाही.

भावाच्या साक्षीच्या दिवशी सकाळी बाईंनी त्याला स्वयंपाकघरात उभं केलं. "पहिलं वाक्य फोनचं. कुणी केला, किती वाजता. नमस्कार-चमत्कार मागाहून. बोट वर जायच्या आत बोलायचं."

"बरं, ताई."

"नुसतं बरं नको. म्हणून दाखव."

त्यानं घसा खाकरला. "माननीय अध्यक्ष महोदय..."

"अरे गाढवा!"

"तू ओरडलीस की मला सुचत नाही गं."

दहा वेळा घोकून घेतलं. पण सव्वीस वर्षं साहेबांपुढे वाकलेली पाठ एका सकाळीत थोडीच सरळ होते? समितीपुढे त्यानं हात जोडले आणि सुरू झाला. माननीय अध्यक्ष महोदय, माननीय उपाध्यक्ष महोदय, माननीय ज्येष्ठ सभासद... एकेकाला मान देत तो नवव्यापर्यंत पोचला. बाईंचं पेन नुसते महोदयच टिपत होतं. बोल ना रे, मेल्या!

"त्या पहाटे मला फोन..."

"दार," अध्यक्ष म्हणाले.

बाई बाहेर आल्या. तीस वर्षं पुटपुटणाऱ्यांची भाषणं उतरवून त्यांना ओठ वाचता येऊ लागले होते. दार बंद झाल्यावर त्यांनी आयुष्यात प्रथमच पेनाचं टोपण काढलं. भावाच्या ओठांवरून त्या लिहीत गेल्या. फोन करणाऱ्याचं नाव. दोन वाजून दहा मिनिटं. भोंगा वाजवू नकोस.

मग त्यांचं लक्ष सभासदांकडे गेलं.

नऊही जणांचे ओठ हलत होते. भावाचेच शब्द, जरासे मागून.

मग बरोबरीनं.

मग भावाचे ओठ थांबले. त्यांचे चालूच राहिले.

आता धरणाचं काही नव्हतं. 'नदीत बुडत होतो, तेव्हा ताईनं केसांना धरून ओढलं,' नऊ तोंडं म्हणत होती.

हळूहळू एकेक तोंड मिटलं. उपाध्यक्षांनी रुमालानं ओठ टिपले.

दार उघडलं. अध्यक्षांनी वहीकडे पाहिलं. "लिहिलंत वाटतं?"

"लिहिलं. वर पाठवणार आहे."

"अवश्य पाठवा. म्हणजे उद्या अकराला तुमची साक्ष घ्यावी लागेल. पुन्हा एकदा."

"पुन्हा? मी कधी दिली साक्ष?"

अध्यक्ष नुसते हसले, समजूतदारपणे.

मागून भाऊ आला. चेहरा धुतल्यासारखा शांत. "मॅडम, बाहेर जायचा रस्ता कुठला? माझ्याबरोबर कुणी आलेलं नाही."

बाईंनी त्याला हाताला धरून त्याच्या घरी पोचवलं. संध्याकाळी आपल्या घरी येऊन त्यांनी वही उघडली. उद्याचा भरवसा नव्हता. 'दरवाजेवाला तुझा भाऊ आहे' एवढं तरी लिहून ठेवावं, म्हणून शेवटचं पान काढलं.

तिथे आधीच एक ओळ होती. त्यांच्याच लघुलिपीत, त्यांच्याच हातची.

'जिन्यात रोज उभी असते ती तुझी मुलगी आहे. तिच्यावर खेकसू नकोस.'

बाई एकट्या राहत. मूलबाळ नव्हतं. आणि जिन्यातल्या त्या अनोळखी मुलीवर आत्ता वर येतानाच त्या खेकसल्या होत्या.