तिघांची खोली

सुरुवातीलाच सांगतो, ही गोष्ट खरी आहे. पटली तर ठेवा, नाही तर सोडून द्या. मी वायरमन माणूस. आजवर मला शॉक बसला तो वायरीचाच. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी पहिला उठून जातो.

पण ही गोष्ट माझ्या सासूबाईंची आहे. आणि सासूबाई खोटं बोलत नाहीत.

आयुष्यात दोनदाच बोलल्या. दोन्ही वेळा एकाच साहेबासमोर.

आणखी एक. यात अमावस्या नाही, मध्यरात्र नाही. जे झालं ते भर दुपारी झालं. भूकंपाला एक्केचाळीस दिवस झाले होते. मंगळवार होता. जागा म्हणजे शहराबाहेरचं खेळाचं मैदान. तिथं बेघरांसाठी खोल्यांच्या रांगा उभ्या राहत होत्या. थर्माकोल भरलेल्या पत्र्याच्या भिंती, एक शेगडी, एक दिवा. एकानं दार आपटलं की अख्खी रांग थरथरायची, आणि रांगेतली सगळी माणसं पळत बाहेर यायची.

सासूबाई तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या. शिवणकाम करायच्या. मशीन गेलं, घर गेलं. सासरे पंपांच्या कारखान्यात टर्नर होते, त्या रात्री पाळीवर होते. कारखाना जागच्या जागी बसला. ढिगारा उपसायला यंत्रं नव्हती, त्यामुळे ते ना मेलेल्यांच्या यादीत, ना जिवंतांच्या.

उरली मुलगी. पाच वर्षांची. एका जागी बसायची नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. ती सहा तासांनी ढिगाऱ्यातून निघाली होती. छातीत धूळ गेली होती.

"हिला ऊब हवी आणि गर्दी नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्या गोदामात राहिली तर हिवाळा काढेल असं मला वाटत नाही. खोटा धीर देत नाही मी."

गोदामात दोनशे खाटा होत्या. एक शेगडी. दिवसरात्र खोकला.

आणि खोली कुणाला? तर घरात तीन माणसं असतील त्याला. खोल्या कमी, माणसं जास्त. नियम झाला तो झाला. दोन माणसं असली की गोदाम.

सासूबाई अर्ज घेऊन टेबलासमोर उभ्या राहिल्या. टेबलामागच्या साहेबाला लोक हजेरीमास्तर म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. नुसता दमलेला होता.

"घरात किती जण?"

"तीन."

"मिस्टर काय करतात?"

"ड्रायव्हर आहेत. ढिगारा वाहायच्या गाडीवर. संध्याकाळी येतात."

हे त्या कशा बोलल्या, त्यांनाही ठाऊक नाही. नवऱ्याच्या मरणाचं अजून रडूसुद्धा आलं नव्हतं. आतून सगळं बधिर झालं होतं. दात काढल्यावर गाल असतो ना, तसं.

"पाहणीला येईन तेव्हा तिघं दिसले पाहिजेत हं, ताई," हजेरीमास्तर म्हणाले. "नाही तर खोली काढून घ्यावी लागते. माझाही नाइलाज आहे."

खोली मिळाली. भिंगरीचा खोकला चार दिवसांत अर्ध्यावर आला.

आणि मग तो मंगळवार.

दुपारी पाण्याचा टँकर आला. भिंगरीला गोधडीत गुंडाळून, दार ओढून सासूबाई रांगेत गेल्या. तास गेला. दोन बादल्या घेऊन परत येतात तर हजेरीमास्तर त्यांच्याच खोलीतून बाहेर पडत होते!

 संपलं, सासूबाईंना वाटलं. आता गोदाम.

हजेरीमास्तर हसले.

"झाली पाहणी. तिघं हजर."

"...तिघं?"

"मिस्टर आहेत की आत. काय हो ताई, ड्रायव्हर काय सांगितलंत? ते तर टर्नर म्हणाले. मी फॉर्मवर दुरुस्ती केली."

सासूबाईंनी बादल्या खाली ठेवल्या.

"आणि त्यांना उजव्या कानानं कमी ऐकू येतं का? प्रत्येक वेळी डावा कान पुढे करत होते. मशीनच्या आवाजानं होतं तसं."

नवऱ्याच्या कानाची गोष्ट सासूबाईंनी मैदानावर कुणालाही सांगितली नव्हती.

कुणालाही नाही.

त्या खोलीत शिरल्या... भिंगरी गाढ झोपली होती. दुसरं कुणी नव्हतं. एकच दार, खिडकी वीतभर. जमिनीवर दारापासून भिंतीपर्यंत पांढुरक्या धुळीचा पट्टा होता. चुन्यासारखी धूळ. सकाळीच झाडलं होतं त्यांनी.

पहिला संशय आला तो शेजारच्या बेकरीवाल्या काकूंचा. मायाळू बाई. पोरीसाठी त्यांनीच आपल्या नवऱ्याला उभं केलं असेल.

"काकू, आत्ता आमच्या खोलीत काका होते का?"

"छे गं! ते पहाटेपासून भट्टीवर. साहेबांना दार तर तुझ्याच नवऱ्यानं उघडलं. मी पाहिलं ना." काकूंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "सुखरूप आहेत, नशीब काढलंस. पण किती थकलेत गं. जरा जप त्यांना."

भिंगरी उठल्यावर म्हणाली, "बाबा आले होते."

सासूबाई घाबरल्या नाहीत. हे मी त्यांना खोदून खोदून विचारलंय. "भीती वाटायला आत काही शिल्लक हवं ना," त्या म्हणाल्या. त्यांनी झाडू घेतला. धूळ भरली. आणि तिसरं अंथरूण घातलं.

त्या दिवसापासून...

सकाळी तिसरं अंथरूण घडी केलेलं असायचं. उशी आत घालून गुंडाळी. सासूबाई अशी घडी कधीच घालत नसत. घालायचे ते.

शेजारच्या खोल्यांत भांड्यातल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरायचा. यांच्या खोलीत कधीच नाही.

त्या बाहेर असल्या की आतून भिंगरीचं हसणं ऐकू यायचं. दार उघडलं की...

पोरगी एकटीच.

"कोण होतं?"

"बाबा."

"आता कुठे आहेत?"

भिंगरी कोपऱ्याकडे बोट दाखवायची. कोपऱ्यात काहीच नसायचं.

काकूंना ते दिसायचे. समोरच्या रांगेतल्या न्हाव्याला दिसायचे. तो म्हणायचा, "वहिनी, दादांना एकदा पाठवा की, केस कापून देतो फुकटात."

सगळ्यांना दिसायचे. फक्त सासूबाईंना नाही.

त्यांना याचंच वाईट वाटायचं. त्या दारातून अचानक वळून बघायच्या. भिंतीकडे तोंड करून पडायच्या, म्हणजे समोर यायला लाजत असतील तर पाठीमागून तरी येतील. एकदा रिकाम्या कोपऱ्याला म्हणाल्यासुद्धा, "माझ्यावर राग आहे का?"

कोपरा गप्प.

असे तीन आठवडे गेले. भिंगरीची छाती मोकळी झाली. ती पुन्हा एका जागी बसेना. बाहेर मात्र रोज थोडा थोडा बर्फ पडायला लागला. गोदामात त्या आठवड्यात दोन मुलं गेली.

मग एका दुपारी निरोप आला. कारखान्याचा ढिगारा उपसलाय. एकदा येऊन जा.

पोरीला काकूंकडे सोपवून सासूबाई गेल्या. कारखान्यामागच्या शेडमध्ये चादरी टाकून ओळीनं ठेवलं होतं. हजेरीमास्तर वही घेऊन उभे होते. ओळख पटली की नाव मेलेल्यांत चढायचं आणि खोलीच्या यादीत एक माणूस कमी व्हायचा. दोन्ही कामं त्यांच्याकडेच.

त्यांना बिचाऱ्यांना अवघडल्यासारखं झालं होतं.

"ताई, माफ करा हं. पाळीच्या यादीत तुमच्या मिस्टरांचं नाव निघालं म्हणून बोलावलं. मी इथल्या लोकांना सांगितलं, अहो, मी स्वतः भेटलोय त्यांना. ते त्या रात्री कामावर गेले नसतील. पण कागद म्हणजे कागद. एकदा बघा आणि नाही म्हणा, म्हणजे झालं."

शेडवाल्यानं चादर बाजूला केली.

चेहरा ओळखण्यासारखा नव्हता. पण सदरा होता.

निळ्या रेघांचा. सासूबाईंनी स्वतः शिवलेला. कॉलर झिजली म्हणून त्यांनीच उलटी करून लावली होती. दुसरं बटण काळ्या दोऱ्यानं टाचलेलं, कारण त्या दिवशी निळा दोरा संपला होता.

बाहेर बर्फ पडत होता. पत्र्यावर त्याचा आवाजसुद्धा होत नव्हता.

हो म्हटलं तर उद्या गोदाम.

सासूबाईंना तो सदरा हातात घ्यायचा होता. त्या खाली वाकल्यासुद्धा. मग सरळ झाल्या.

"ताई? कोण आहे हा?"

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "आमचे हे घरी आहेत."

हजेरीमास्तरांनी सुटकेचा श्वास सोडला. वहीत 'बेवारस' लिहिलं. शेडवाल्यानं चादर ओढली.

बस्स. एवढंच. डोळ्यांतून टिपूस आलं नाही.

मैदान पाऊण तासाच्या वाटेवर. त्या कशा चालल्या त्यांना आठवत नाही. रांगेच्या तोंडाशी आल्या तर भिंगरी खोलीच्या दारात उभी. अनवाणी. दार सताड उघडं.

"काकूंकडे थांब म्हटलं होतं ना? थंडी लागेल!"

"बाबा गेले," भिंगरी म्हणाली.

"...कुठे?"

"माहीत नाही. मी म्हटलं, आई येईपर्यंत थांबा. ते नाही म्हणाले."

"काय म्हणाले?"

पोरगी आईच्या तोंडाकडे बघत म्हणाली,

"म्हणाले, तुझ्या आईनं मला ओळख दाखवली नाही."

दाराबाहेर पांढऱ्या धुळीची पावलं होती. बर्फावर वेगळी दिसत होती. सहा-सात पावलं. पुढे नव्हती.

त्या संध्याकाळी त्यांच्याही भांड्यातलं पाणी गोठलं. सासूबाई पोरीला पोटाशी घेऊन शेगडीजवळ बसल्या आणि पहिल्यांदा रडल्या. भूकंपाच्या त्रेसष्टाव्या दिवशी. काकू मध्येच डोकावल्या, म्हणाल्या, "भांडण झालं का गं? येतील परत. पुरुषांचा राग असाच असतो."

ते परत आले नाहीत. खोली मात्र हिवाळाभर राहिली. यादीत तीनच होते.

उन्हाळ्यात सासूबाई बेवारसांना पुरलं तिथं गेल्या. फळ्यांवरचे आकडे बर्फानं धुऊन गेले होते. कुणालाच काही सांगता आलं नाही.

भिंगरी आज माझी बायको आहे. ठणठणीत आहे, बोलण्यात कुणाला हार जात नाही. फक्त वडिलांचं नाव काढलेलं तिला खपत नाही.

"भूकंपातून वाचलेला माणूस," ती म्हणते, "आणि ऐन थंडीत बायकोला, पोरीला टाकून गेला. असला बाप नसलेला बरा."

त्यांचा एकही फोटो उरला नाही. लग्नानंतर मी सहज विचारलं, दिसायला कसे होते गं?

"म्हातारे," ती पटकन म्हणाली. "मला स्पष्ट आठवतात. केस पांढरे. भुवया पांढऱ्या. पापण्यासुद्धा."

सासूबाई शेजारीच बसून काजं करत होत्या. त्यांचा हात थांबला.

सासरे गेले तेव्हा बत्तीस वर्षांचे होते.

बायको कामाला गेल्यावर सासूबाईंनी मला हे सगळं सांगितलं, एका दमात, आवाज न चढवता. मी म्हटलं, आई, तिला सांगून टाका ना. इतकी वर्षं ती उगाच त्यांना शिव्या देतेय.

त्यांनी दोरा दातानं तोडला.

"ते टाकून गेले नाहीत, मी घालवलं," त्या म्हणाल्या. "आणि कशासाठी घालवलं, तर तिच्यासाठी. हे तिला कुठल्या तोंडानं सांगू?"

  काल जेवताना बायको पुन्हा बापावर घसरली. सासूबाई ताटाकडे बघत जेवत राहिल्या, आणि मीही काही बोललो नाही.