शुक्रवार पेठेतली भाकरी

पांडुरंगाला स्मरून सांगते, यातला एकही शब्द पदरचा नाही.

यंदाच्या माघातला सोमवार. सोलापूर, शुक्रवार पेठ. दुपारचे चार.

पेठेत माझ्या धाकट्या बहिणीची, वैजयंतीची खानावळ आहे. आधी तिच्या सासूबाई, सोजरबाई, चालवायच्या. नवी पेठेतलं गिऱ्हाईक पाटी बघून हॉटेलात शिरतं. शुक्रवार पेठेतलं आधी भाकरी मोडून बघतं.

दिवाळीत सोजरबाई गेल्या आणि गिऱ्हाईक तुटत चाललं. रोज जेवणारे म्हातारे गुरुसिद्धप्पासुद्धा अर्धी भाकरी ताटात ठेवून उठायचे.

"सूनबाई, भाकरी बरी हाय की. पण सोजराक्काची न्हाय."

महिनाअखेर खानावळ बंद करायचं वैजूनं ठरवलं होतं. नवरा ट्रकवर, घरात ती एकटी. म्हणून मी तिला माझ्याकडं न्यायला आले होते.

पायरीवरच थबकले...

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तीन हलक्या थापा... मग एक जड.

कीर्तनात मृदंगाजवळ बसून बसून माझा कान तयार झालाय. प्रत्येक बाईचा हात वेगळा वाजतो. हा हात सोजरबाईंचा होता.

मी आत गेले. आवाज थांबला.

वैजू चुलीपुढं पाठमोरी बसली होती. हात कोरडे. परातीत पिठाचा कण नाही.

आणि टोपलीत... वीसेक गरम भाकऱ्या.

मी एक उचलली. वर बोटांचे ठसे होते. करंगळीच्या जागी काहीच नव्हतं.

सोजरबाईंची उजवी करंगळी तरुणपणीच कापडाच्या मागात सापडून तुटली होती.

"वैजू, कुणी थापल्या?"

"मीच की, अक्का. दुसरं कोण हाय हितं?"

मी तिचा हात धरला. उजवी करंगळी बर्फासारखी गार.

"चार दिवस झाले, बधिर हाय. होईल बरं."

"बॅग भर. आत्ताच्या आत्ता निघू."

तेवढ्यात गुरुसिद्धप्पा संध्याकाळची भाकरी न्यायला आले. उभ्या उभ्याच एक तुकडा तोंडात टाकला. डोळे भरून आले त्यांचे.

"आता जमली बघ, सूनबाई. दहा बांध. गल्लीला सांगतो मी."

दिवेलागणीला बाकडी पुरेनात. वैजू वाढता वाढता रडत होती, आनंदानं. मी एकटीच परत निघाले.

परवा फोन केला. शेजारचं बोटही बधिर झालंय म्हणाली.

"मग एवढ्या भाकऱ्या कशा होतात गं तुला?"

"होतात की. दोघी असतो ना आम्ही."

कोण दोघी, हे न विचारताच मी फोन ठेवला.

उद्या तिला आणायला जायचं म्हणतेय.

कालही हेच म्हणत होते.