बाद केलेले तीन

आषाढी पौर्णिमेचा उपोसथ, बौद्धांचा शीलं पाळायचा दिवस. दीपमाला पांढरी साडी नेसली, बुद्धमूर्तीपुढे शीलं म्हणाली आणि घोटावड्याच्या प्रयोगशाळेत निघाली. सासू जाईबाई उंबऱ्यात बसूनच म्हणाली, "दर पुनवंला शील घेतीस, सूनबाई. त्यातलं खोटं न बोलायचं तेवढं आज पाळून ये."

दीपमालानं वाकून तिच्या पायांना हात लावला.

तिचं काम तसं साधं. सोनोग्राफीत हृदय स्वच्छ दिसावं म्हणून रोग्याच्या शिरेत अतिसूक्ष्म बुडबुडे सोडतात. बुडबुड्याच्या पोटात वायू, वर सायीसारखं पातळ कवच. ते मऊच हवं. कडक निघालं तर बुडबुडा बारीक रक्तवाहिनीत अडकायचा. म्हणून ती सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक पट्टीनं एकेक बुडबुडा फुटेपर्यंत दाबून बघायची, भाताचं शीत बोटांत दाबून बघावं तसं. पट्टी किती वाकली, ते पडद्यावर रेघेत उमटायचं.

अकरा महिन्यांमागं एका खेपेतले तीन बुडबुडे दगडासारखे लागले होते. "पट्टीच्या टोकावर धूळ असेल हो, ताई. बाद करा," प्रयोगशाळेचे प्रमुख प्रमोद सर म्हणाले. तिनं बाद केले. खाली सही केली. पुढे दवाखान्यात सोनोग्राफीच्या टेबलाशी, नवऱ्याच्या उशाशी उभी असताना कुपीवरचा नंबर तिनं वाचला, तो त्याच खेपेचा. तोवर सुई टोचून झाली होती. जयवंत टेबलावरच गेला. डॉक्टर म्हणाले, हृदयच कमजोर.

त्या खेपेची फाईल आज संध्याकाळी बंद व्हायची होती. त्याआधी खरं काय ते कागदावर यायला हवं होतं.

दुपारचे दोन वाजले होते, पण ताम्हिणी घाटाकडून आलेल्या ढगांनी खिडक्या काळवंडल्या होत्या. दीपमालानं फ्रीजमधून त्याच खेपेची राखून ठेवलेली कुपी काढली. जोरानं हलवल्याशिवाय कुपीत बुडबुडे होत नाहीत, आणि झाले तरी काही तासांत विरतात. ही तर सीलबंद होती, कुणी हात न लावलेली.

आतलं पाणी दुधासारखं पांढरं होतं, बुडबुड्यांनी भरलेलं.

सील निघालं तसा वास आला... निलगिरीच्या बामाचा. जयवंत रात्री छातीला चोळायचा तो.

तिनं थेंब काचेवर ठेवला, पट्टी एका बुडबुड्यावर आणली. अजून टेकवलीही नव्हती, तोच पडद्यावरची रेघ हलली. दोन आखूड, एक लांब. दोन आखूड, एक लांब. चौदा वर्षं उशीशेजारी ऐकलेला श्वास तिला कोणी ओळखून दाखवायला नको होता.

"अहो..." ती पुटपुटली.

रेघ जरा संथ झाली. ऐकल्यासारखी.

आता मोजायचं तर दाबायला हवं. प्राण घेणार नाही, खोटं बोलणार नाही... सकाळी दोन्ही एका दमात म्हणाली होती ती.

"माफ करा मला," म्हणत तिनं पट्टी खाली घेतली. रेघ भिंतीसारखी ताठ चढली. दगडच. लांब श्वास अर्ध्यावर तुटला.

तिनं नोंद ठेवली, पट्टी काढून कोरड्या कागदावर ठेवली आणि सरांना फोन लावला. दोन मजले चढून ते धापा टाकत आले.

"पुन्हा धूळच की ही! अन् अकरा महिने जुनी कुपी, तिचं काय खरं धरायचं, ताई? बाद करा."

"नाही करायची, सर."

"मग मी करतो." सरांनी नोंद पुसायच्या बटणाकडे बोट नेलं.

रेघ हलली. पट्टी तर बाहेर, कोरडी. या वेळी दोन आखूड, एक लांब नव्हतं. भराभर, जिना चढून आलेल्या माणसाचं होतं. दीपमालानं सरांच्या खिशातल्या पेनाकडे बघितलं. छातीबरोबर ते वर जाई, तशी रेघ वर जाई.

"सर... जरा श्वास धरून बघा..."

सरांनी धरला. रेघ आडवी झाली.

बोट बटणावरून केव्हाच मागं आलं होतं. सरांनी श्वास सोडला, पुन्हा घेतला. खिशातलं पेन वर गेलं, खाली आलं.

रेघ मात्र आडवीच राहिली, श्वास संपलेल्या माणसाची असावी तशी.