मेल आली की भोंगा

शेवटी मी जिशानला थांबवलंच. भोंगा वाजवून थांबवलं, अख्ख्या अहेरी गावानं ऐकलं. पण ते राहू द्या. तसं काही झालंच नाही असं धरून चालू.

तर, मे महिना. मी, फरहत, गुणवंतराव शेठच्या तेंदूपत्त्याच्या गोदामात कॉम्प्युटरसमोर घाम पुसत बसलेली. नागपूरच्या कंपनीचे निरोप नुकतेच मेलनं यायला लागले होते. शेठ कटकट करत होते, "मी बाहीर टरकापाशी. मेल आली हे मले कसं समजन?"

म्हणून जिशान आला. बाजारात त्याचं टीव्ही-कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. त्यानं एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. नवी मेल आली की ती आपोआप चालणार आणि गोदामाचा भोंगा वाजवणार. जोडणी करताना तो वायरकडे कमी, माझ्याकडे जास्त पाहत होता. शॉक बसला.

"लागलं का?"

"लागलं... पण वायरचं नाई."

मी कूलरकडे पाहत बसले. कूलर बंद होता.

एक गोष्ट कुणाच्याच डोक्यात आली नाही. आमच्याकडे भोंगा म्हणजे जेवणाची सुट्टी. मेल आली, भोंगा वाजला, की हमाल डोक्यावरचे पत्त्याचे बोरे टाकून डबे उघडायचे.

त्यात जिशान दुकानातून रोज 'टेस्टिंग' पाठवायचा. 'चालते का पाहून राह्यलो.' मग, 'आज हिरवी ओढणी होती ना?' मग नुसतंच, 'फरहत...' त्या एका शब्दावर सगळे हमाल पुन्हा जेवायला बसले.

"बाई," हमालांचे म्होरके इतवारीभाऊ पोट धरून म्हणाले, "त्याले हो तरी म्हणा, नाई तरी म्हणा. आता भाकर उतरत नाई."

मी तणतणत दुकानात गेले. "तुले तोंडानं बोलता येत नाई का?"

"तोंडानं... भेव वाटते."

"मंग राहू दे!"

शनिवारी मेल आली, 'उद्या दुपारच्या बसनं हैदराबादले चाललो. नोकरी लागली. थांब म्हणशील तर थांबतो.' भोंगा. भाकरी. शेठची शिवी.

सीझनमुळं रविवारीही गोदाम चालू, आणि मला तिथं रागानं रडू येत होतं. स्टँडवर जावं, तर तिथं अब्बांची चहाची टपरी. त्यांच्यासमोर कुणाला थांबवणार? जिशानकडे मोबाईल नाही. मग सुचलं... रविवारी नागपूरचं ऑफिस बंद! म्हणजे आज भोंगा वाजला तर तो माझाच, आणि तो पार स्टँडपर्यंत ऐकू जातो. मी 'थांब' लिहिलं आणि गोदामाच्याच पत्त्यावर पाठवलं.

फोनवरच्या इंटरनेटची लाईन तुटली. पुन्हा पाठवलं. पुन्हा तुटली. टेलिफोनच्या सात पिढ्यांचा उद्धार करत मी पाठवत राहिले. मग लाईन आली आणि सगळे 'थांब' एकदम येऊन पडले.

भोंगा थांबेचना. हमालांनी डबे उघडले नाहीत, नुसते हात जोडले.

जिशान बॅग घेऊन धावत आला. "आज नागपूर बंद राह्यते... म्हणजे तूच ना?"

"नाई, तुह्या अम्मीनं वाजवला!"

"एक डावच वाजवलं असतं तरी बसमधून उतरलो असतो."

"लाईन तुटून राह्यली होती!"

"बरं... आता तोंडानं म्हण."

मी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. खरंच भेव वाटत होतं.

सबब, माननीय काझीसाहेबांना सविनय विनंती करण्यात येते की, निकाहाच्या दिवशी वधूस 'कबूल है?' असे तोंडी विचारू नये. सदर रविवारचा भोंगा हेच तिचे उत्तर म्हणून ग्राह्य धरावे. साक्षीला सर्व हमाल हजर राहतील. त्यांना जेवणाचा आग्रह करू नये, ही विनंती.