धाकटा दगड

सरका जरा आत, शेकोटीजवळ. उद्या पहाटे निघणार ना तुम्ही डोंगररांगेला? पाच दिवस, पाठीवर पंधरा किलो आणि पायात ते नवे कोरे बूट. दुसऱ्या दिवशी फोड आले की म्हाताऱ्याची आठवण काढाल. तो मोबाइल ठेव रे खाली. वाट त्याच्यात आहे म्हणतोस, असू दे. सोमनाथच्याही मोबाइलमध्ये होती.

सोमनाथ म्हणजे माझ्या शेजारच्या मशिनवरचा. बावीस वर्षं एकत्र काढली आम्ही कारखान्यात. इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर घर, बायको प्रतिभा आणि एकुलती एक मुलगी निकिता. डोंगराचं वेड असं की शनिवार उजाडला की गडी घरात सापडायचा नाही. आपल्या ग्रुपसाठी वाटेवर खुणा करायचं काम त्याचंच. हर्षाली नवीन आहे, तिच्यासाठी सांगतो. खाली मोठा दगड, त्याच्यावर मधला आणि शेजारी जमिनीवर धाकटा, ज्या बाजूला जायचं त्या बाजूला. पुढे गेलेला माणूस मागून येणाऱ्यासाठी करतो ती खूण. सोमनाथ नव्या पोरांकडून हे घोकून घ्यायचा. "खूण कोण करतं?" हा विचारायचा. "पुढे गेलेला!" पोरं ओरडायची.

तर तेवीस सालचा डिसेंबर. नऊ तारीख, शनिवार. अमावास्या तीन दिवसांवर आलेली. काम साधंच होतं. पुढच्या आठवड्यात चाळीस जण रांगेला निघणार होते, त्यांची पहिल्या दिवसाची वाट बघून ठेवायची, खुणा करायच्या आणि रात्री घरी यायचं. हरसूलकडून चढायचं, सहा खिंडी ओलांडायच्या आणि त्र्यंबकच्या अंगाला उतरायचं. सव्वीस किलोमीटर. प्रतिभा सायखेड्याला माहेरी गेली होती, म्हणून निकिताही बापाच्या मागे लागली. कॉलेजात होती, एकोणीस वर्षांची. तिच्याबरोबर तिचा मावसभाऊ रुद्र.

पहाटे राजूच्या जीपने त्यांना शेवटच्या पाड्यावर सोडलं. राजू संध्याकाळी पलीकडच्या डांबरी रस्त्यावर येणार होता, पण आठपर्यंतच थांबणार होता. पाड्यावर नवसाबाई म्हणून म्हातारी आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला कोरा चहा देते. चहा गाळता गाळता तिने विचारलं, "कुठवर जानार?"

"सहा खिंडी करून पलीकडं, आजी," सोमनाथ म्हणाला.

"पाचव्या खिंडीत दगडांचा ढीग हाय. तिथं येक येक दगड ठेवा. ठेवायचा, उचलायचा नाय."

"का हो आजी?" निकिताने विचारलं.

"गेणूबा बसलाय तिथं." म्हातारी चुलीकडेच बघत होती. "बाजाराहून येत व्हता. पाय मुरगाळला. सोबतीचे म्हनले, तू दमानं ये, आमी पुढं जातो, खुना करत जातो. केल्याच नाय. सकाळच्याला खिंडीत सापडला, घोंगडी पांघरून बसल्याला. लय वरसं झाली. दगड ठिवला का बसून ऱ्हातो तो."

"आणि उचलला तर?"

म्हातारीने उरलेला चहा तिच्या कपात ओतला. "वाट बघतोय ना तो. बसलाय तो बरा हाय."

सोमनाथ हसला नाही, पण मनावरही घेतलं नाही त्याने. तीस वर्षं डोंगरात फिरलेला माणूस, असल्या गोष्टी त्याने पोतंभर ऐकल्या होत्या.

पहिल्या दोन खिंडी हसतखेळत झाल्या. तिसरीने घाम काढला. अवकाळी पावसाला आठवडा होऊन गेला होता, तरी कारवीतली वाट निसरडी होती, आणि कड्याखालच्या घसाऱ्यावर एक पाऊल पुढे टाकावं तर अर्धं मागे. ऊन तापलं. ज्या टाक्यावर पाणी भरायचं ठरलं होतं त्यात मेलेलं माकड तरंगत होतं. तिघांत दीड लिटर पाणी उरलं. चौथ्या खिंडीत भाकरी-ठेचा खाल्ला आणि उठताना निकिताचा गुडघा धरला. चढाला ठीक, उताराला पाऊल टेकवेना.

घड्याळात तीन वाजले होते आणि अर्धी वाट शिल्लक होती. सोमनाथने हिशोब केला. मोबाइलला रेंज नाही. राजू आठला निघून गेला तर पोरीला घेऊन उघड्यावर रात्र काढावी लागणार, थंडी अशी, पाणी संपत आलेलं.  बाप होता ना.

"तुम्ही दमाने या," तो म्हणाला. "मी पुढे जाऊन राजूला थांबवतो. खुणा करत जातो."

निकिता एकदम त्याच्याकडे बघायला लागली. "पप्पा, त्या आजी..."

"काय?"

"काही नाही. जा तुम्ही."

काका, मी आहे ना, रुद्र म्हणाला. सोमनाथ निघाला.

आता नीट ऐका, चूक कुठे झाली ते. पाचवी खिंड गाठायला त्याला पावणेपाच झाले. पुढे ते मोठं पठार, तुम्हीही उद्या पाहाल. एक तर सलग कातळ, नाहीतर कमरेएवढं वाळलेलं गवत. वाट तिथेच चुकते. आणि पश्चिमेकडून ढग उतरायला लागले होते. खुणा तर हव्याच, पण हाताएवढा सुटा दगड कुठे मिळेना. मिळत होते ते एकाच ठिकाणी.

खिंडीच्या तोंडाशी, छातीएवढा ढीग. छान मुठीएवढे दगड, कुणी निवडून रचल्यासारखे.

त्याला म्हातारी आठवली. नाही असं नाही. मला त्याने शपथेवर सांगितलं, हात घालण्याआधी तो क्षणभर थांबला होता. पण मागे पोरगी लंगडत येत होती आणि उजेड चालला होता. तुमची पोर असती तर तुम्ही काय केलं असतं? त्याने अठरा दगड उचलले. सॅकमध्ये भरले. सहा खुणांचे.

ठेवला मात्र एकही नाही. विसरला.

पहिली खूण खिंडीतून बाहेर पडल्यावर. दुसरी एका वाळक्या झाडापाशी. धाकटा दगड उजवीकडे. तिसरी केली तोवर ढग पठारावर बसला. दहा पावलांपलीकडचं दिसेना. तो झपझप चालत होता, आणि तेव्हा मागे आवाज आला.

टक्.

दगडावर दगड टाकल्यासारखा.

आली पोरं, त्याला वाटलं. बरं वाटलं. "निकिता!"

उत्तर नाही.

"रुद्र! अरे इकडं!"

काहीच नाही. वाराही पडलेला.

तरी तो ओरडला. मोठ्यांदा, दोन्ही हात तोंडाशी धरून. "खुणेवर या! खुणेवरच या! मी पुढं आहे!"

थोडा वेळ गेला.

टक्.

जवळ.

त्याने चौथी खूण केली. पाचवी केली. प्रत्येक वेळी पन्नास-साठ पावलं गेला की मागे तो आवाज. हाक मारायची मग त्याची छाती झाली नाही. सहावी खूण उताराच्या तोंडाशी.  धाकटा दगड दोनदा निसटला. तिसऱ्यांदा ठेवला आणि तो मागे न बघता उतरायला लागला.

सहाव्या खिंडीचा चढ त्याने कसा काढला, त्याचं त्यालाच आठवत नाही. खाली डांबरी रस्ता लागला तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती. ओढ्यावरच्या मोरीपाशी जीप उभी होती, राजू आत घोरत होता. वेळ गाठली होती. सोमनाथ मोरीच्या कठड्यावर बसला.  टॉर्च डोंगराकडे करून तो पोरांची वाट बघत राहिला.

अंधार. रातकिडे. आणि एक वास.

ओल्या घोंगडीचा.

त्याने शेजारी बघितलं नाही. का बघितलं नाही, असं मी विचारलं. म्हणाला, "आप्पा, बघण्यासारखं नव्हतं ते." 

आठला दहा कमी असताना वर दोन उजेड हलले. निकिता आणि रुद्र. रुद्रच्या खांद्यावर हात टाकून पोरगी एकेक पाऊल टाकत उतरत होती. सोमनाथ धावला. तिला मिठीत घेतलं आणि हा एवढा मोठा माणूस हुंदके देऊन रडला. सोडायला नको होतं तुला, सोडायला नको होतं, हेच चाललं होतं त्याचं.

"पप्पा, आलोय ना आम्ही. रडताय काय असे?"

"खुणा सापडल्या ना?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"खुणा कुठं होत्या, काका?" रुद्र म्हणाला. "एकही नव्हती. ढगात काही सुधरत नव्हतं आम्हाला. बरं झालं, तुम्ही आमच्यासाठी त्या बाबांना थांबवलं होतं."

"कोणाला?"

"ते नाही का, घोंगडीवाले," निकिता म्हणाली. "पुढे पुढे चालत होते. मध्येच वाकायचे, दगड उचलायचे आणि घोंगडीच्या खोळीत टाकायचे. टक् टक् वाजायचं. आम्ही त्या आवाजावर आलो. हाका मारल्या, पण त्यांनी वळून नाही बघितलं."

सोमनाथने टॉर्च वर वाटेवर फिरवला.

"कुठे... कुठे गेले ते?"

"अहो, आत्ता तर होते. वरून दिसत होते ना. तुमच्या शेजारीच बसले होते."

मोरीच्या कठड्यावर कुणी नव्हतं.

राजूला उठवलं.  रुद्रला लांब त्याच्या गावी सोडलं, आणि सव्वाअकराला बापलेक इंदिरानगरला उतरले. बिल्डिंगमधले सगळे झोपलेले. जिन्यातला दिवा लागत होता. निकिता कठडा धरून हळूहळू चढली. पहिला मजला. दुसरा. तिसरा.

घराला कुलूप होतं. सकाळी लावलेलं, तसंच.

उंबऱ्यासमोर एक दगड होता. त्याच्यावर दुसरा. ओले होते दोन्ही, लाल मातीचे. आणि धाकटा शेजारी.

दाराच्या बाजूला.

सोमनाथच्या हातात किल्ली होती. ती तशीच राहिली.

"पप्पा..." निकिता म्हणाली. "खूण कोण करतं?"

त्याने किल्ली खिशात टाकली. 

दार उघडलंच नाही त्यांनी. आल्या पावली उतरले, रिक्षा केली आणि बाराच्या सुमाराला माझ्या दाराशी उभे. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि सोमनाथ गेलो आणि भरल्या उजेडात कुलूप काढलं. आत काही नव्हतं. भांडं इकडचं तिकडे नाही. फक्त वास होता, तोही खिडक्या उघडल्यावर गेला. पण प्रतिभा म्हणाली, मी माझी पोर त्या घरात झोपवणार नाही, आणि मला ते पटलं. तेव्हापासून तिघं सायखेड्याला राहतात. सोमनाथ डोंगरात जात नाही. निकिताला आता गुडघ्याचा काही त्रास नाही. दारातले दगड खिंडीत नेऊन ठेवू या, असं मी एकदा सुचवलं होतं. सोमनाथ म्हणाला, "ठेवलेले आहेत, आप्पा. उचलू नका."

म्हणून ते तिथेच आहेत. झाडणारी बाई भोवतीने झाडते. घराची किल्ली माझ्याकडे असते, महिन्यातून एकदा जातो, नळ सोडून बघतो, दारं-खिडक्या उघडतो.

परवा गेलो होतो.

खालचा जागेवर होता. वरचाही होता.

धाकटा... धाकटा आता जिन्याच्या बाजूला आहे.

सायखेड्याला अजून कळवलेलं नाही मी. फोन हातात घेतो आणि ठेवून देतो.