दुखतंय म्हणणारा हात

प्रमिला वेळापुरे यांच्या मनगटाच्या कातडीखाली तांदळाएवढी कुपी होती आणि निम्म्या फलटणने ती बोटाने चाचपून पाहिली होती. त्यांच्याच बांगड्यांच्या दुकानात काच लागून मज्जातंतू तुटला, तेव्हा त्याच्या मागच्या पेशीही मरणार होत्या. बोटांकडून मिळणारं एक प्रथिन, म्हणजे वाढघटक, बंद झाला की जखमी मज्जापेशी मान टाकते. कुपीने तो थेंबाथेंबाने पुरवला. पेशी तगल्या, त्यांचे धागे पुन्हा बोटांपर्यंत पोचले.

"तरी हात लाकडीच," प्रमिलाबाई डॉक्टर घाटग्यांना म्हणाल्या. "काल चुडा भरताना एका नवरीचा पंजा निळा केला. ती म्हणते, नाही काकू, दुखत नाही."

"खरंच दुखत नसेल?"

"शुभकार्यात कोणी दुखतंय म्हणत नाही. त्यात माझी सगळ्यांना दया."

डॉक्टर गंभीर झाल्या. "नवे धागे जुन्याच जागी जोडले जात नाहीत. कोणत्या स्पर्शाचा काय अर्थ, ते मेंदू पुन्हा शिकतोय. वाढघटक पेशीला जगवतो, शिकवत नाही. शिकवतायत तुमची गिऱ्हाइकं, आणि ती खोटं बोलतायत. हे असंच चाललं तर मेंदू खोटंच पक्कं धरेल."

म्हणजे धंदा गेला. काचेच्या बांगडीला हाताचा अंदाज लागतो. तो नसेल तर कासाराने प्लास्टिक विकावं.

घरी येऊन प्रमिलाबाईंनी बारामतीला नणंदेला फोन लावला. शकुंतलाबाई एकाच घोटात चहा फार गोडही आणि अगोडही ठरवू शकत; दोष काढताना त्या कुणाची भीड ठेवत नसत.

"वन्सं, राहायला या. हवं तितकं राहा."

"कुपी डोक्यात चढली का गं?" नवऱ्याने विचारलं.

वन्सं आल्या आणि पहिल्या बांगडीलाच म्हणाल्या, "वहिनी, हात आहे की सांडशी?"

"कुठे दुखलं ते सांगा."

"अंगठ्याच्या मुळाशी. आणि तुमच्या गादीवर पाठसुद्धा."

रोज दुपारी हेच. वन्सं बोलत, बोटं शिकत. असल्या नणंदेपायी शेजारणींनी प्रमिलाबाईंची कीव केली. प्रमिलाबाईंनी काचेच्या बांगड्यांचा आणखी एक डझन उघडला.

मग एका दुपारी बांगडी हाडापाशी आली आणि प्रमिलाबाईंचा हात आपणहून थांबला. बोटांखाली काहीतरी आखडलं होतं.

"वन्सं, दुखलं ना?"

शकुंतलाबाईंनी वहिनीच्या कपाळावरचा घाम पाहिला.

"नाही हो," त्या हळूच म्हणाल्या.

प्रमिलाबाई बांगडी तशीच धरून बसल्या. बोटं सांगत होती, दुखलं. वन्सं सांगत होत्या, नाही.

आता खोटं कोण बोलत होतं: बोटं, की दया येऊन वन्सं?